मायने मिसळवलेल्या गोळ्या

आम्हा दोघी बहिणींना सिकल आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की अंगावरची चादरही जड वाटते. धाकटी तेव्हा नववीत होती, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दवनीवाड्याहून गोंदियाच्या दवाखान्यात आमच्या फेऱ्या लहानपणापासूनच्या. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एकदा मायला समोर बसवलं आणि एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार होत्या, त्यांच्या जोडीला एक नवं औषध.

"पण काहींना औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी," मॅडम म्हणाल्या. "कोणाला काय, हे मलाही माहीत नसणार. माहीत असलं तर आपण निकाल आपल्याच मनासारखा वाचतो ना, म्हणून."

मायने विचारलं, "म्हणजे एकीले औषध अन् एकीले खडू, असंबी होऊ शकते?"

"होऊ शकतं."

परतीच्या बसमध्ये माय आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं, ती नाही म्हणणार. पण पुढच्या फेरीत तिनेच हो म्हटलं आणि आम्हीही. दोघींना आपापल्या नावाची बाटली मिळाली. रोज रात्री जेवण झालं की माय आमच्या हातावर एकेक गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

त्या वर्षी माझं दुखणं कमी झालं. एकदम गेलं नाही, पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी बांधावर डबा घेऊन जाऊ शकले. मला वाटायचं, मला खरं औषध मिळालंय. मग धाकटीकडे बघून लाज वाटायची. मग वाटायचं, तिलाही बरं वाटून राहिलंय, म्हणजे तिलाच मिळालं असेल आणि माझा नुसता भास. रक्त काढताना मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. त्यावरून काही कळायचं नाही.

पावसाळा संपता संपता धाकटीला ताप भरला. आम्ही तिला गोंदियाला नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून मॅडमनी तिला लगेच भरती करून घेतलं. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, तापाशी लढायला अंगात काही उरलंच नव्हतं. मॅडमनी विचारलं, "गोळी रोज एकच घेत होती ना? हिच्याच बाटलीतली?"

माय पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "एकच. पण बाटलीतली नाही. डब्यातली."

"कोणत्या डब्यातली?"

"मीनं दोघींच्या गोळ्या एका डब्यात मिसळवल्या, मॅडम. दर वेळी नवी बाटली भेटली का मिसळवायची. एकीले खडू अन् एकीले औषध, असं मायच्या हातानं कसं देऊ? दोघीबी माह्याच पोरी. अर्धं हिले, अर्धं तिले."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. रागावू, हसू की मायला जवळ घेऊ, काही सुचेना. मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलं." मग बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. अशा वेळी कोणाला काय दिलंय ते उघडायची सोय असते म्हणे.

त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "दोघींच्याही बाटलीत औषधच होतं. दिसायला गोळी सारखीच, फक्त वजनाप्रमाणे ताकद वेगळी. मोठीची गोळी जास्त जोराची. ती बऱ्याच वेळा या लहानीच्या पोटात जात होती."

मायने आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. "दोघींच्याबी होतं?" ती म्हणाली. "मंग मीनं मिसळवलं कायले?"

 माय तिथेच खाली फरशीवर बसली. धाकटीने ग्लानीतून विचारलं, "ताई, माय काऊन रडून राहिली?" मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मलाच ते नीट समजलं नव्हतं.

औषध बंद झाल्यावर धाकटीच्या पांढऱ्या पेशी हळूहळू वर आल्या आणि आम्ही तिला घरी आणलं. आम्हा दोघींना अभ्यासातून काढलं. मी मॅडमना विचारलं, "मला तर कमी जोराचंच मिळत होतं कधीकधी. मग मला बरं कशानं वाटलं?"

"औषधानं असेल. नसेलही. तुझ्यावरून नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, डॉक्टरला विचारलं की उत्तर मिळतं.

मागच्या वर्षी अभ्यास पूर्ण झाला आणि भाग घेतलेल्या सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं होतं. आम्हालाही. औषधाचा गुण येतो, असं मॅडमनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय उठून उभी राहिली. "याच्यात माह्या पोरी मोजल्या का?"

मॅडम म्हणाल्या, "गुण मोजताना नाही, बाई. पण औषधाचा त्रास कोणाला झाला, त्यात लहानीचा ताप मोजलाय. त्यावरून पुढच्यांची मात्रा आणखी सांभाळून ठरेल."

माय खाली बसली. तिला बरं वाटलं की वाईट, मला ओळखता आलं नाही. बसमध्ये शेजारच्या बाईला मात्र ती सांगत होती, "आमच्या लहानीचा ताप हिशेबात घेतला त्याईनं." धाकटी खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.