कंदील खुंटीवरच होता

“कंदील सोडून पाहिलास का गं?” आईने पुढच्या दारातून विचारलं.

“पाहिला,” मी म्हणाले.

“विझला नाही ना?”

“नाही.”

कंदील मागच्या स्वयंपाकाच्या खोपीत खुंटीवर होता. मी त्याला हातही लावला नव्हता. माझं उत्तर ऐकून शेजारची तेलीण पदर खोचून शिडीवरून जमिनीखालच्या पेवात उतरली. तिच्यामागून तिची म्हातारी सासू, मग सात वर्षांचा मुलगा, आणि सगळ्यांत शेवटी दहा वर्षांची मुलगी, खांद्यावर तान्ह्या भावाला घेऊन. आईने धावत येऊन पेवाच्या तोंडावर शिळा ओढली, वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या आणि मला म्हणाली, “रडू नको. तोंड धू.” भर दुपार होती. वेशीकडून माणसांचा आवाज जवळ येत होता.

हे मला आठवलं ते हैदराबादेत, एका म्युझियममध्ये. आठवलं म्हणणं तसं खोटंच आहे, कारण मी ते कधी विसरले नव्हते. पण आठवण मनात असणं वेगळं आणि ती नाकातून आत शिरणं वेगळं. लष्कराच्या हद्दीत एक युद्धाचं म्युझियम आहे. तिकीट नाही, फक्त फाटकावर आधारकार्ड दाखवावं लागतं. तिथे वाळूची पोती रचून एक खोटा बंकर केलाय, सात-आठ पायऱ्या खाली. त्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि ओल्या पोत्याचा, बंद मातीचा वास आला. पंच्याऐंशीव्या वर्षी माझे पाय आठ वर्षांच्या पोरीसारखे जागच्या जागी थिजले.

फुकटची म्युझियमं बघायचा नाद आम्हा दोघींचा. दोघी म्हणजे मी आणि आपा. आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी काचीगुड्याला राहते, ती अंबरपेठेत. दोघींचे नवरे गेले, पोरं आपापल्या कामाला लागली, तेव्हापासून आम्ही जिथे पैसे पडत नाहीत तिथे जातो. बागा झाल्या, दर्गे झाले, देवळं झाली, मग म्युझियमं. तोफांचं आम्हाला काही अप्रूप नाही. म्युझियममध्ये पंखा असतो, बाक असतं, बाथरूम स्वच्छ असतं आणि कोणी उठवत नाही. आपा प्रत्येक काचेपुढे उभी राहून विचारते, “ये क्या है छोटी?” आणि मी चौथीपर्यंतच्या शिक्षणावर पाटी वाचून सांगते. पाटी इंग्रजीत असली की मनाने सांगते. एकदा मी एका सेनापतीच्या कोटाला बँडवाल्याचा कोट केलं. आपा म्हणाली, “हौ, बटन भौत हैं, बँडवालाच होगा.” तिथला पहारेकरी तोंड फिरवून हसला.

त्या दिवशी माझी नात गाडीतून घेऊन गेली होती. पोरगी कंप्युटरच्या कंपनीत आहे, मराठी वाचते ती अक्षराला अक्षर जोडून, पण जीव लावते. म्युझियम दाखवायला एक निवृत्त हवालदार होते, मिशा पांढऱ्या, इस्त्री कडक. ते एकेक बंदूक अशी दाखवत होते जशी घरातली सून दाखवावी. भिंतीवर एक मोठा नकाशा होता, जुन्या राज्याचा. चारी बाजूंनी लाल बाण आत घुसलेले. नातीने विचारलं, “आजी, हे काय?” हवालदार म्हणाले, “पोलीस अॅक्शन. चार-पाच दिन में काम तमाम.” एक बाण आमच्या गावाच्या अगदी जवळून गेलेला मी पाहिला. नकाशा चांगला होता. फक्त बाण पुढे गेल्यावर मागे काय झालं ते नकाशात काढायची रीत नसते.

मागे काय झालं ते मी सांगते. फौज यायच्या आधी हत्यारं घेतलेली टोळकी आमच्या माणसांना छळत होती, ते खरंच आहे. माझ्या चुलत्याचं घर जाळलं होतं. फौज आली, राज्य गेलं, आणि मग दुसरी टोळकी निघाली. तीही हत्यारं घेऊनच. ती मुसलमानांची घरं शोधत होती. आमच्या शेजारचा तेली घाणा चालवायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो तेव्हा कामासाठी हैदराबादेत गेला होता. घरी त्याची बायको, आई आणि तीन पोरं. आमच्या घरातले पुरुष रानात होते. आईने कोणाला विचारलं नाही. तिने त्यांना आमच्या घरात घेतलं आणि आतल्या अंगणातलं पेव उघडलं.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार, तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट मोठं. तोंडावर शिळा आणि माती लिंपलेली. आत ज्वारी वर्षानुवर्षं राहते, पण बंद ज्वारीची हवा वाईट होते. पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून पेव उघडलं की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. आमच्याकडे हे लेकरालाही ठाऊक असे. चोरसुद्धा कंदील सोडल्याशिवाय पेवात उतरत नसे. दिवसभर उघडं ठेवायला त्या दिवशी वेळ नव्हता. कंदील सोडायला होता. आईने ते काम मला सांगितलं आणि ती पुढच्या दारात रस्त्यावर नजर ठेवून उभी राहिली. खोपीत जायचं तर उघड्या परसातून जावं लागे, कुडापलीकडे बोळ होता आणि बोळात कोणीतरी धावत होतं. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. बस, एवढंच. घाबरले आणि खोटं बोलले.

माणसं आली, घर धुंडाळलं, आईने सांगितलं की ती मंडळी नदीकडे गेली. माणसं तिकडे गेली. शिळा काढली तेव्हा शिडीच्या वरच्या पायरीला हाताचा वेढा घालून तेल्याची मुलगी, म्हणजे ही आपा, लटकली होती, तान्हा खांद्यावर. तान्हा किरकिरत होता म्हणून ती खाली उतरलीच नव्हती, तोंडाशीच थांबली होती. आईने दोघांना ओढून काढलं. खालच्यांना हाका मारल्या. मग ती स्वतः खोपीत गेली, कंदील आणला, पेटवला, दोरीने सोडला. पाचव्या पायरीपाशी तो विझला.

तर मी त्या बंकरच्या तोंडाशी उभी होते. माझ्या आधी आपा पायऱ्या उतरायला लागली. हवालदार हात धरायला पुढे झाले, “संभल के अम्मा, असली बंकर जैसा है.” दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. आणि मी ओरडले, “थांब! कंदील सोडून पाहिलाय का कोणी?”

हवालदार म्हणाले, “अम्मा, अंदर लाइट है.”

“लाइट कोणी विचारली? हवा तपासली का, हवा?”

नात माझा दंड धरून म्हणाली, “आजी, काय झालं?” दोन पोरं फोटो काढत होती ती थांबली. आपा चौथ्या पायरीवरून वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, तिला दिसलं. ती वर आली.

बाहेर हिरवळीवर एक जुना रणगाडा ठेवलाय. त्याच्या सावलीत बाक आहे. नातीला मी पाणी आणायला पाठवलं. आणि जे पंच्याहत्तर वर्षांवर सांगितलं नव्हतं ते सांगितलं, तीन वाक्यांत. आई दारात होती. कंदील मी सोडायचा होता. मी सोडला नाही आणि सोडला म्हणून सांगितलं.

आपाने चप्पल काढून पाय बाकावर घेतले. मग म्हणाली, “तेरी माँ ने तो मेरेकू दूसराच बोली थी.”

मला हे ठाऊक नव्हतं. लग्न होऊन मी काचीगुड्याला आले, पुढे आईही माझ्याकडे राहायला आली. आपाला आणि तान्ह्याला त्यांचा बाप तेव्हाच हैदराबादेत घेऊन गेला होता; सुलतान बाजारात आता त्या धाकट्या भावाचं शिवणाचं दुकान होतं. तिथे झंपरं शिवायला गेलो आणि आपा भेटली. तिने आईला ओळखलं, मला नाही. मी शेजारच्या दुकानात अस्तराचं कापड बघत असताना आई तिला म्हणाली होती, “चूक माझी होती बाई. कंदील सोडायचा मीच विसरले. घाई झाली.”

“मैं मान ली,” आपा म्हणाली. “घाई में होता. मगर दिल में रख ली. तू धपाटे लाती थी ना माँ के हाथ के? एक नहीं खाई मैं. सब कारीगरों कू दी. बारा साल. वो मरी तो मय्यत में आई, मगर उसके पाँव कू हाथ नहीं लगाई.”

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या दुपारी आईने कंदील आणला तो खुंटीवरून काढून आणला होता. काच गार असणार. दोरी बांधलेली नसणार. तिला तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की मी आईला फसवलं. तिने त्यावर एक शब्द काढला नाही, मला नाही, कोणालाच नाही. त्यानंतर एवढंच केलं की पेव मातीने भरून टाकलं आणि अंधार पडला की घरातला कंदील स्वतः लावू लागली. मला कधी लावू दिला नाही. मी समजत असे की काच फुटेल म्हणून देत नाही.

“आता बोल,” मी आपाला म्हटलं. “शिव्या दे.”

“तू आठ बरस की थी.”

“आठ वर्षांच्या पोरीला कंदील सोडता येतो. मला येत होता.”

“हौ,” ती म्हणाली. “आता था तेरेकू.” तिने मला त्यातून सोडलं नाही, आणि ते बरं केलं. मग म्हणाली, “मेरा गुस्सा तो गलत घर पे गया ना छोटी. अब तेरी माँ से माफी कौन माँगेगा? तू या मैं?”

लोक म्हणतात, काळ गेला की सगळं निवळतं. माझा अनुभव तसा नाही. काळ जातो तेव्हा ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं ती माणसं घेऊन जातो आणि बोलायचं तेवढं मागे ठेवतो. आपाचा भाऊही परवाच्या उन्हाळ्यात गेला. त्याला हे कळलं नाही. गाठ पडल्यापासून माझं प्रत्येक झंपर त्याने शिवलं, माप न घेता.

नात पाणी घेऊन आली. निघताना हवालदारांनी टेबलावरची वही पुढे केली. येणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी लिहितो. लोकांनी लिहिलं होतं, फार छान, देशाचा अभिमान वाटला, पंखे वाढवावेत. मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे. हवालदार म्हणाले, “कुछ भी लिखो अम्मा. याद रहेगी.”

“लिख,” आपा म्हणाली. “कौन बचा वो लिख.”

मी चष्मा लावला आणि लिहिलं. नात खांद्यावरून अक्षर अक्षर जोडून वाचत होती, म्हणून सावकाश लिहिलं.

फौज येऊन गेल्यावर आमच्या गावी पेवात पाच जण उतरले. दोघं वर आली, माझ्या शेजारी उभी असलेली ही बाई आणि तिचा तान्हा भाऊ. कंदील सोडून बघायचं काम जिच्याकडे होतं, ती मुलगीही जगली. ती मी.