वासरीच्या पुडीवरची चिठ्ठी

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर वासरी पाहून तुम्ही दोघं "किती गोड!" म्हणालात, तेव्हा मी तिची मागची बाजू दाखवली नव्हती. शेपूट, मांड्या, खालचं पोतं, सगळं पिवळट-पांढऱ्या हगवणीनं बरबटलेलं. नासलेल्या दुधात कुजकी अंडी कालवावीत तसा वास. तिच्या अंगावरून उठलेल्या माश्या सरळ माझ्या ओठांवर येऊन बसत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बारा दिवसांची वासरी पाच दिवस हगत होती. चौसाळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं होतं आणि एक पुडी दिली होती. त्यात ओवा, सुंठ आणि पोटाला लागणारे चांगले जंतू. ती दुधातून द्यायची. गोठा सांभाळणारी बाई न चुकता देत होती, तरी वासरीचे डोळे खोल गेले.

"आज-उद्याचीच हाय ही, काकू," ती म्हणाली.

मला डॉक्टरचा, पुडीचा, त्या घाणीचा संताप आला. नाकाला पदर लावून मी म्हटलं, "कशी देतेस ते दाखव बरं."

तिनं स्वयंपाकघरात येऊन दुधात पावडर टाकली आणि गॅस मोठा केला. दूध फसफसून वर आलं. वर तपकिरी, चिकट साय.

"अगं, उकळतेस कशाला?"

"घ्या! तुमीच म्हनला व्हता ना, या घरात उकळल्याबिगर पोटात काय बी जायचं न्हाई? पावन्याच्या पान्याला बी तीन उकळ्या देता की!"

मी पुडी हातात घेतली. तिच्यावर माझ्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'वासरी – सकाळ, संध्याकाळ'. ती सोलून काढली. खाली इंग्रजीत छापलं होतं, जंतू जिवंत आहेत, फक्त कोमट दुधातून द्या. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि तेवढ्याच ओळी मी डिंकानं नीट झाकल्या होत्या. इतके दिवस त्या जिवाला मेलेले जंतू पाजले. त्या सायीपेक्षा मला माझ्या टापटिपीची किळस आली.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सलाईन लावलं. पुढची पुडी मी स्वतः, बोट बुडवून कोमट पाहून दिली.

तिसऱ्या सकाळी हाक आली, "काकू, शेन बघाया या!"

मी वाकून पाहिलं. घट्ट होतं. वास तसाच. वासरीनं उठून माझा हात कोपरापर्यंत चाटला, लाळ लोंबायला लागली. मी हौदाकडे धावले.

"थांबा," बाई हसली, "पानी उकळून आनू का?"