फेब्रुवारी आणि मार्चचा पगार

अहेरीच्या बसस्टँडसमोर नूरुद्दीनभाऊंचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक प्राप्तिकराचे रिटर्न त्यांच्याकडून भरून घेत. मी मराठीत एम.ए. करून घरी बसलो होतो. जुलैत गर्दी झाली की त्यांच्याकडे टाइप करायला जायचो. ते मला मित्र म्हणायचे, वयाने पंधरा-वीस वर्षं मोठे असून.

माणूस बोलका. समोर बसलेल्या मास्तरांना सोडायचे नाहीत.

"सर, पोरायले गणित शिकवता, आन् सोताचा हिशेब माह्याकडे आणता?"

मास्तर हसत आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत.

फरहतभाभी, म्हणजे त्यांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दर एप्रिलमध्ये नवीन वर्षाची पहिली फाइल भाऊ तिचीच उघडत. तिला ते बोहनी म्हणत. काम सोपं होतं. एप्रिलचा पगार लिहायचा आणि एक बटण दाबून तोच आकडा मार्चपर्यंत खाली उतरवायचा. तेवढं झालं की इतरांच्या फाइली. त्या एप्रिललाही मी तिथे होतो. भाभी शाळेत जाता जाता चहा घेऊन आली होती.

"बाराही महिन्याची कमाई आजच लिवून टाकली?" ती म्हणाली. "मंग मी शाळेत नाई गेली तरी चालते."

"शाळेत नाई गेली तरी चालते. घरी आली पायजे."

"घरी का ठेवलं आहे? तुमचं तोंड?"

त्याच उन्हाळ्यानंतरच्या बजेटमध्ये नवी सूट आली. वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कर माफ. भाभीने विचारलं, मला मिळते का. भाऊ म्हणाले, तुले नाई भेटत, तू नवऱ्यापेक्षा जास्त कमावते. ती आठवडाभर हे मोहल्ल्यात सांगत फिरली.

जानेवारीच्या शेवटी तिला ताप आला. मेंदूचा मलेरिया निघाला. आम्ही तिला जीपने चंद्रपूरला नेत होतो. मी मागच्या सीटवर होतो. गोंडपिपरीच्या अलीकडे भाऊंनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू चाल. तिले झोप लागली."

ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं. जीप हळू चालत राहिली.

जुलै आला. दुकान उघडलं. गर्दी झाली. भाऊ आता थट्टा करत नव्हते. काम मात्र चोख करत होते. भाभीच्या शाळेतले मुखरू सर, तिथले मुख्याध्यापक, एकदा येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, मॅडमचं उत्पन्न लाखाच्या आत आलं. ती नवीन सूट लागू होते. कापलेला कर वापस भेटन." आणि त्यांनी पगाराचं प्रमाणपत्र असलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. भाऊंनी ते न उघडता खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाभीची फाइल उघडली. सूट आली नाही. कर दिसत होता.

"हे सॉफ्टवेअर जुनं आहे," ते म्हणाले. नागपूरच्या कंपनीला फोन लावला. तिकडून नवीन सीडी आली. ती टाकली. सूट आली नाही. संगणकाची तारीख तपासली. भाभीचं नाव, जन्मतारीख, पॅन नंबर पुसून पुन्हा लिहिला. सूट आली नाही. मग एका नव्या शिक्षकाची फाइल उघडून पाहिली. तिथे सूट बरोबर आली.

"बाकीच्यायले देते. हिलेच काऊन नाई देत?"

"पाकिटातला कागद पाहू का, भाऊ?"

"कायले? तिचा पगार मले पाठ आहे."

असे दिवस गेले. रिटर्नचा गठ्ठा घेऊन माणूस दुपारच्या बसने चंद्रपूरच्या प्राप्तिकर कार्यालयात जाणार होता, त्या सकाळपर्यंत तिचा रिटर्न तसाच होता. मी म्हटलं, थोडा कर दिसतो तर दिसू द्या, पाठवून टाकू.

"नाई दिनेश," ते म्हणाले. "हा तिचा शेवटचा आहे. यात चूक नाई रायली पायजे."

ते हात-तोंड धुवायला मागे गेले. मी पगाराचं पान उघडलं. एप्रिल, मे, जून. सगळीकडे तोच आकडा. जानेवारी. त्याखाली फेब्रुवारी. त्याखाली मार्च.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. भाभी गेल्यानंतरचे ते दोन पगार बेरीज लाखाच्या वर नेत होते.

ते टॉवेलने तोंड पुसत परत आले. मी बाजूला सरकलो नाही. मला वाटलं, त्यांना दिसू नये. पण त्यांना दिसलं. दुसऱ्या कुणाच्या फाइलीत ही गोष्ट त्यांनी बसल्या बसल्या पकडली असती.

त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाहेर कंडक्टर आलापल्ली, आलापल्ली ओरडत होता.

"मी काढू?" मी विचारलं.

"नको. मी लिवले होते."

ते बसले. मार्च पुसला. फेब्रुवारीवर त्यांचं बोट थांबलं. मग तोही पुसला.

पगार मध्येच थांबला की हे सॉफ्टवेअर कारण विचारतं. चौकट उघडली. इंग्रजीत चार कारणं होती. बदली, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. भाऊंनी बदली निवडलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ते छापून येत नाई," ते म्हणाले. "आतच रायते."

सूट आली. कर शून्य झाला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही, मलाच विचारलं, "आली?"

"आली, भाऊ."

प्रिंटरमधून कागद निघाला. मृत व्यक्तीचा वारस असं जिथे होतं, तिथे त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच झाली. कागद गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवला. मग परत उचलला आणि गठ्ठ्याच्या मधोमध, दोन मास्तरांच्या कागदांमध्ये सरकवला.

"वरचा कागद बसमधी भिजते," ते म्हणाले, आणि सुतळी शोधू लागले.