तिच्या एकटीचा डोस

बायकोच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभरासाठी मागे लागली. गोळी कमी पडली की गुठळीची भीती, जास्त झाली की रक्तस्रावाची. म्हणून दर आठवड्याला शाळेआधी मी तिला स्कूटरवरून कसबा बावड्याहून शहरात रक्त तपासायला न्यायचो. रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा कधी वर, कधी खाली. एकदा भाकरी थापता थापता तिच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते दुपारपर्यंत थांबेना. त्यानंतर वर्गात शिकवतानाही माझा कान फोनकडे असायचा. दोन वर्षांत पार दमून गेलो.

मग नवीन डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालातला नमुना घेऊन जनुकं तपासायला पाठवला. रिपोर्ट, वय, वजन, बाकीची औषधं, सगळं संगणकात भरलं. त्यानं सांगितलेला डोस आधीच्या निम्माही नव्हता.

"काकूंच्या शरीरात ही गोळी फार सावकाश पचते," बाई म्हणाल्या. "हा डोस त्यांच्या एकटीचा."

चार महिने आकडा जागेवर राहिला. थंडीत एकदम घसरला, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट होऊ लागलं होतं. बाईंनी संगणकातली माहिती पुन्हा तपासली.

"काकू, गोळी चुकली का?"

"एक बी न्हाय."

"खाण्यात काही बदल?"

ती पदराशी चाळा करू लागली. "मेथी खाल्ली. धा दिस रोज. आपरेशन झालं तवा डाक्टर पालेभाजी नको म्हणालते, तवापास्नं बंदच केलती. कटाळा आला की वो."

मी मान खाली घातली. एवढ्या काळात ती मला मेथी वाढत होती आणि स्वतः आमटी-भात खात होती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो, पण बंद करू नका," बाई म्हणाल्या. "रोज थोडी, सारखीच खा. त्याप्रमाणे डोस बसवू."

"खाऊ म्हणता?" तिनं दोनदा विचारलं.

बाहेर आल्यावर मी स्कूटरला टेकून नुसताच उभा राहिलो. किल्ली हातातच राहिली.

"चला की," ती म्हणाली.

आता ती दुपारी एक वाटी भाजी खाते. तपासणी महिन्यातून एकदा असते आणि आकडा बहुतेक वेळा ठीक येतो. तरी रिपोर्टचा फोन वाजला की मी आधी खुर्चीत बसतो, मग उचलतो.