झऱ्याखालचं शेत

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या घरी आज कॉफी भाजली आणि मला वीस-एक वर्षांपूर्वीचं सुमात्रा बेटावरचं बटाक लोकांचं ते खेडं आठवलं. ऑफिसातली मैत्रीण तिउर तिथली; तिचे वडील वारल्यावर ती मला सोबत घेऊन गेली होती. आधी तळ्यातून होडी, मग चिखलातून मोटरसायकल. उंच छपराच्या लाकडी घरात तिची आई चुलीवर कॉफी भाजत होती. चटईवर वाटणीची बोलणी चालली होती. तिउर मला जपानीत हळूच सगळं सांगत होती.

तिचे काका म्हणाले, "जमीन मुलांची. मुलीला नसते."

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "माझ्या वाट्यातलं झऱ्याखालचं शेत ताईचं."

ती रडली, मीही रडले. किती मोठ्या मनाचा भाऊ, असं वाटलं होतं. आज मला मुलगी आहे. वडिलांच्या जमिनीसाठी तिउरला भावाच्या मोठ्या मनावर अवलंबून राहावं लागलं, हेच आता सलतं.