माझी माणसं त्या गाडीत नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या रुळावरून गाडी पूर्ण वेगाने सोडा असं मी सही करून कळवलं, त्या रुळावरून दुसऱ्या दिवशी मी माझ्या बायको-मुलीला जाऊ दिलं नाही.

मी रेल्वेत इंजिनियर आहे. रूळ, खडी, भराव हे माझं काम. वाशीमकडची जमीन काळी. पावसात ती फुगते, मऊ होते, आणि तिच्यावरचा भराव बसत जातो. नाल्याजवळचा एक भराव असाच बसत होता, म्हणून तिथे कॉशन लावलेलं होतं, म्हणजे गाडी तिथून हळूच न्यायची. वरून रोज फोन यायचे, गाड्या रखडतात, कॉशन कधी उठवता? रुळावर काम करणाऱ्या मजुरांच्या गँगने खडी ठोकून रूळ उचलले होते. आणखी एक मोठा पाऊस बघून घ्यायला हवा होता. मी थांबलो नाही, उठवलं. आणि पहाटे पाऊस कोसळला.

मुलीच्या ॲडमिशनसाठी दोघी सकाळच्या गाडीने अकोल्याला निघाल्या होत्या. मी म्हणालो, "गाडी लेट आहे, बसनं जा." गाडी लेट नव्हती. बायको फणफणली, "रेल्वेवाल्याची बायको अन् यष्टीत उभी! लोक हसतीन मले." पण गेली.

कॉशन पुन्हा लावता आलं असतं, एका फोनचं काम. पण काल उठवलेलं आज लावायचं, तर वर काय सांगायचं? मी मोटारसायकल काढून भरावावर गेलो. तिथे आमच्या गँगचा मुकादम लाल-हिरवी झेंडी घेऊन उभा होता. त्याची म्हातारी आई आणि गरोदर मुलगी त्याच गाडीत होत्या, तपासणीला चालल्या होत्या.

तो भरावाच्या कडेकडे बघत होता. "सायेब, इथली माती पाहा बरं. मले काई बरोबर नाई वाटून राह्यलं. लाल दाखवू का?"

"काही होत नाही."

आमच्या गँगमध्ये एक रीत होती. साहेबाच्या घरचे ज्या गाडीत बसले ती गाडी पक्की, असं सगळे मानायचे. त्याने तेच विचारलं. "मॅडम बी याच गाडीत हायेत ना?"

गाडीचा आवाज यायला लागला होता. मी म्हणालो, "हो. मुलगीपण आहे."

"मंग कायचं भेव!" तो हसला. लाल झेंडी काखेत मारली आणि हिरवी धरली.

इंजिन भरावावर आलं तेव्हा रूळ दबला. जितका दबायला हवा त्याहून जास्त. एका खिडकीतून म्हातारीचा हात बाहेर आला, मुकादमाने झेंडी हलवली. मी डबे मोजायला लागलो आणि मधेच मोजणी चुकली. शेवटचा डबा पार झाला, तेव्हा मी खाली खडीवर बसलो आणि फोन करून कॉशन परत लावायला सांगितलं.

"काहून सायेब? गाडी त बरोबर निघाली."

"पाऊस आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. बस शिरपूरच्या यात्रेकरूंनी गच्च भरली होती, तिला पाय ठेवायला जागा नव्हती. मी फोन कानाला घट्ट दाबून मुकादमापासून लांब जाऊन बोललो.

दोन दिवसांनी तो सहज म्हणाला, "माय म्हने, सारे डब्बे पाह्यले, मॅडम कोठंच दिसल्या नाई."

"पुढच्या डब्यात होत्या."

"मी बी तेच सांगतलं मायले."

त्याच्या नातीच्या बारशाला त्याने आम्हा दोघांना आग्रहाने बोलावलं. म्हातारी बायकोला गाडीचं विचारेल या भीतीने मी ऐनवेळी ड्युटीचं कारण काढलं. साडी नेसून तयार बसलेली बायको म्हणाली, "तुमाले माणसंच नको असतात." ती अजून तसंच समजते. मुकादम आता रिटायर होऊन गावी असतो, भेटला की लोकांना सांगतो, या साहेबांनी आपल्या घरच्यांना आधी गाडीत बसवलं, मग आमच्यांना. मी तिथे उभा राहून ऐकतो.

तो जिवंत आहे, म्हातारीही आहे. त्यांच्या दारात जाऊन, त्या गाडीत माझं कुणीही नव्हतं आणि हे त्याने हिरवी दाखवण्याआधीच मला माहीत होतं, एवढं सांगणं मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.