दुसऱ्या मोटरीचं काय?

गौतमभाऊ बरोबर होते. मी चूक होते, आणि चूक असून त्यांना सगळ्यांसमोर हसले.

१५ फेब्रुवारी, रविवार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय, माफ करा. हे एक लिहायचं राहिलं होतं, म्हणून दुसरं काही लिहवेना.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मंगरूळपीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, भाऊ नवी तार भरून त्या चालू करायचे. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. एकदा आमच्या बोअरची मोटर घेऊन गेले, तर तारेच्या रिळाला मोबाइल टेकवून ठेवलेला आणि त्यावर फॉर्म्युला गाड्यांची रेस.

"भाऊ, तुम्ही पाहता हे?"

"म्हंजे? ताई, तुमी बी?"

अख्ख्या तालुक्यात आपण एकटेच, असं दोघांनाही वाटत होतं.

मग सात जण झालो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. आणि एक पद्धत पडली.

सीझनच्या आधी एका रविवारी सकाळी दुकानासमोर जमायचं. भाऊ टेप लावून जमिनीवर फक्कीनं गाडी काढायचे. खऱ्या मापाची, कबड्डीचं मैदान आखतात तशी. तिच्या कडेनं खुर्च्या. नवे नियम मी इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

चहा, कोवळं ऊन, पायाशी पांढऱ्या रेघांची गाडी. कधी एखादी शेळी येऊन बरोबर ड्रायव्हरच्या जागी उभी राहायची.

"पाहा, आली मॅडम. आता हिले हेल्मेट कोन घालते?"

रेसांपेक्षा त्यांना हेच दिवस आवडायचे. टेस्टिंगचे. नुसत्या गाड्या फिरतात, निकाल नाही, पॉइंट नाहीत.

"अजून कोनी हरलंच नाही ना, ताई. समदेच पयले."

गेल्या वर्षी नियम फारसे बदलत नव्हते, म्हणून आम्ही पुढच्या वर्षीचे, म्हणजे आत्ताचे, काढून बसलो. गाडी वीतभर आखूड होणार. निम्मी ताकद विजेची. आणि इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर वीज करणारी मोटर काढून टाकणार.

मी जाहीर केलं, "म्हणजे बॅटरी आधी चार्ज करून आणायची आणि अर्ध्या रेसमध्ये ती संपणार. झाला खेळ."

"थांबा, ताई. एक मोटर काढली म्हनता. मंग दुसरीचं काय?"

"दुसरी कुठली?"

"ब्रेक मारल्यावर वीज बनवते ते. ते ठेवली का काढली? वाचा ना पुढं."

मी वाचलं नाही. "तसं काही नाहीये त्यात," म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज आला. "मोटरले वीज देली तं ते फिरते. फिरवली तं तेच वीज देते. माह्या टेबलावर रोज होते हे. दुसरी मोटर मोठी केल्याबिगर निम्मी ताकद येईन कुठून?"

मी लिहिलं, "भाऊ, ही पंपाची मोटर नाही. रेसचं आमच्यावर सोडा."

पाच जणांनी हसणारे चेहरे टाकले.

भाऊंनी नुसते जोडलेले हात.

त्यानंतर तासाभरात मी पुढचा परिच्छेद वाचला. दुसरी मोटर ठेवली होती. जवळजवळ तिप्पट ताकदीची केली होती.

एक ओळ पुरली असती. पण मला माफी नीट मागायची होती. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, तर माफी मागतानाही मीच मोठी दिसायला लागले. ते खोडलं. असं करत दोन आठवडेही पुरते झाले नाहीत, आणि एका सकाळी दुकानातच त्यांच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेताना वाटेतच गेले.

तसं का बोलले, याचा वर्षभर विचार केला. इंग्रजी वाचून दाखवणारी मी एकटी. त्या खुर्च्यांमध्ये माझी जागा त्यावरच टिकून होती. त्यांच्या एका साध्या प्रश्नानं ती हलली.

आज सकाळी त्यांच्या घरी वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. नंतर आम्रपालीनं, त्यांच्या मुलीनं, दुकानासमोर फक्कीनं नवी गाडी काढली. खरंच वीतभर आखूड. डोळ्यांना चुकल्यासारखी वाटत होती.

फोनवर टेस्टिंगचे व्हिडिओ लावले. वाळवंट, प्रेक्षकांचे रिकामे स्टँड, उन्हात एकेकटी फिरणारी गाडी. वळण आलं की आवाज खाली बसतो आणि गाडी स्वतःच्याच वेगातून वीज गोळा करत जाते. मला वाटलं, हा व्हिडिओतला रस्ता असाच आमच्या आसेगावकडे निघावा, दोन्हीकडे हरभरा, आणि ती आखूड गाडी हळूच समोरून जावी.

मी आम्रपालीला बाजूला घेऊन विचारलंच. "मागच्या वर्षी मी ग्रुपवर लिहिलं होतं, त्यावर बाबा काही बोलले होते?"

"राग आला होता त्याईले. दोन दिवस रेसचं नाव नाही काढलं. मंग पाहाले लागले परत."

"माफ केलं असेल का गं?"

"मले काय मालूम, आत्या? त्याईलेच विचारलं असतं तुमी."

खरं आहे.

मग म्हणाली, "नियमाचे ते कागद मलेच द्या ना या टायमाले. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून राह्यली मी. मीच वाचतो."

मी हो म्हटलं. तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर टाकलं: "गेल्या वर्षी मी पुढचा परिच्छेद न वाचता बोलले. भाऊंचं बरोबर होतं." या वेळी खोडलं नाही. कोणी हसलं नाही, कोणी हातही जोडले नाहीत. पाचही जणांनी वाचलंय.

भाऊ, तुमची माफी मागते. ती पोचायची वेळ गेली, हे मला माहीत आहे.

जयभीम.

उद्या: आम्रपालीसाठी नियमांची प्रिंट काढणे. सगळी पानं.